हवेतील स्ट्रीमर-विसर्जनाच्या विरामाचा अभ्यास : एक ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : पुणे येथील संशोधन आणि कोकणातील दमट हवा)

सारांश

हवेतून विद्युत् ठिणगी कशी निघते, या प्रश्नाचा अभ्यास एकोणिसाव्या शतकापासून होत आला आहे. निघालेले विसर्जन मंद होऊन वाटेतच का थांबते, हा प्रश्न मात्र तुलनेने उशिरा, १९६५ नंतर, स्वतंत्रपणे मांडला गेला. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास प्रतिमानांच्या क्रमाने मांडला आहे. या इतिहासात पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत झालेल्या जलबिंदूंवरील प्रयोगांचे स्थान काय, आणि समशीतोष्ण प्रदेशातील हवेवर आधारलेले मान्य आकडे कोकणातील दमट हवेला कितपत लागू पडतात, या दोन मुद्द्यांचा विशेष विचार केला आहे.

बीजसंज्ञा : विद्युत् विसर्जन, स्ट्रीमर, स्थैर्य क्षेत्र, संलग्नन, निरपेक्ष आर्द्रता, कोकण.

१. प्रस्तावना

रत्नागिरी जिल्हा आणि वीज यांचा संबंध दुहेरी आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आकाशातील वीज येथील शेतकऱ्याला, गुराख्याला आणि बागायतदाराला भय दाखविते. दुसरीकडे, चिपळूण तालुक्यातील पोफळी येथील कोयना प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहामुळे १९६० च्या दशकापासून हा जिल्हा राज्याच्या वीजनिर्मितीचे एक प्रमुख केंद्र ठरला आहे. पुढे दाभोळ आणि जयगड येथील प्रकल्पांची त्यात भर पडली. उच्च दाबाच्या वाहिन्या सह्याद्री ओलांडून घाटावर जातात. या वाहिन्यांची तार आणि मनोरा यांच्यामध्ये निरोधक म्हणून मुख्यतः हवाच असते.

ढगातील वीज आणि वाहिनीवरील ठिणगी या दोन्हींच्या मुळाशी एकच प्राथमिक घटना आहे. तिला ‘स्ट्रीमर’ असे म्हणतात. स्ट्रीमर म्हणजे हवेत वेगाने पुढे सरकणारा, आयनीभूत वायूचा एक बारीक तंतू होय. त्याच्या अग्रापाशी विद्युत् क्षेत्र अतिशय तीव्र असते. त्यामुळे समोरची हवा आयनीभूत होते आणि तंतू आपली वाट आपणच तयार करीत पुढे जातो. हा तंतू समोरच्या वाहकापर्यंत पोहोचला तर ठिणगीचा मार्ग खुला होऊ शकतो. तो वाटेतच विझला तर हवेचे निरोधन टिकून राहते. वाहिनी आणि मनोरा यांच्यात किती अंतर सोडावे, या व्यवहारातील प्रश्नाचे उत्तर त्यामुळे स्ट्रीमर किती दूर जाऊन थांबतो यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

२. आरंभाच्या प्रश्नाचे प्राबल्य (१७७७ ते १९४१)

थांबलेल्या विसर्जनाचे पहिले चित्र विज्ञानाच्या हाती फार पूर्वीच आले होते. १७७७ मध्ये गटिंगेन येथे गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग यांना निरोधक पृष्ठभागावर पसरलेल्या धुळीत शाखायुक्त आकृत्या उमटलेल्या दिसल्या. विद्युत् भार धन की ऋण, यानुसार आकृतीचे स्वरूप बदलत असे. आजच्या दृष्टीने पाहता या आकृत्या म्हणजे पृष्ठभागावरून काही अंतर धावून थांबलेल्या विसर्जनांचे ठसेच होत. तथापि, शाखा तेथेच का संपल्या, हा प्रश्न त्या काळी उपस्थित झाला नाही. तो मांडण्यासाठी लागणारी इलेक्ट्रॉनाची संकल्पनाच तेव्हा उपलब्ध नव्हती.

१८८९ मध्ये फ्रिडरिश पाशेन यांनी भंजन-व्होल्टतेचा नियम मांडला. वायूचा दाब आणि दोन विद्युत् अग्रांमधील अंतर यांच्या गुणाकारावर ही व्होल्टता अवलंबून असते, असे त्यांनी दाखविले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉन टाउनसेंड यांनी त्यामागील कारण स्पष्ट केले. क्षेत्रात वेग घेतलेला इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूवर आदळून दुसरा इलेक्ट्रॉन मुक्त करतो. दोनाचे चार, चाराचे आठ या रीतीने इलेक्ट्रॉनांचा लोंढा वाढत जातो. ऋणाग्रावर आदळणारे आयन नवे इलेक्ट्रॉन सोडतात आणि हे चक्र चालू राहते.

वातावरणीय दाबाच्या हवेत मात्र ही उपपत्ती अपुरी पडू लागली. आयनांना ऋणाग्रापर्यंत जाऊन चक्र पूर्ण करण्यास जो वेळ लागतो, त्याच्या कितीतरी कमी वेळात प्रत्यक्ष ठिणगी पडते, असे मोजमापांवरून दिसून आले. हांस रेदर यांनी १९३० च्या दशकात मेघकोष्ठाच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन लोंढ्यांची छायाचित्रे घेतली. लोंढ्यात सुमारे १० कोटी इलेक्ट्रॉन जमले की त्यांच्या स्वतःच्या भाराचे क्षेत्र बाह्य क्षेत्राच्या तोडीचे होते आणि लोंढ्याचे रूपांतर स्ट्रीमरमध्ये होते, हा निष्कर्ष त्यातून निघाला. १९४० मध्ये जॉन मीक यांनी याच विचाराला गणिती निकषाचे रूप दिले. १९४१ मध्ये लिओनर्ड लोब आणि मीक यांचा विद्युत् ठिणगीच्या यंत्रणेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

रेदर आणि मीक यांचे निकष आजही अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शिकविले जातात. परंतु ते स्ट्रीमर जन्मतो केव्हा, एवढेच सांगतात. जन्मलेला स्ट्रीमर पुढे टिकेल किंवा नाही, याविषयी ते मौन बाळगतात. तीव्र आणि सर्वत्र सारख्या क्षेत्रात, लहान अंतरावर प्रयोग करताना ही उणीव जाणवत नसे, कारण तेथे एकदा निघालेला स्ट्रीमर सहसा पलीकडे पोहोचतच असे. अंतर मीटरमध्ये मोजण्याची वेळ आली तेव्हा परिस्थिती बदलली. टोकदार वाहकाजवळ क्षेत्र तीव्र असते आणि दूर जाताना ते झपाट्याने घटते. स्ट्रीमर अशा दुबळ्या क्षेत्रात शिरल्यावर काय होते, हा प्रश्न तेव्हा अटळ ठरला.

३. विरामाची पहिली प्रतिमाने (१९६५ ते १९७६)

या प्रश्नाला थेट हात घालणारे प्रतिमान जी. ए. डॉसन आणि डब्ल्यू. पी. विन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी स्ट्रीमरचे अग्र म्हणजे सुमारे १० कोटी धन आयनांचा एक सूक्ष्म गोल आहे असे मानले. या गोलाची त्रिज्या मिलिमीटरच्या काही शतांश इतकी घेतली. अग्रातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशामुळे समोरच्या हवेत काही इलेक्ट्रॉन मुक्त होतात. ते गोलाकडे ओढले जाताना नवे लोंढे तयार करतात. जुना गोल उदासीन होतो आणि किंचित पुढे नवा गोल तयार होतो. बाह्य क्षेत्र शून्य असतानाही असा गोल काही अंतर पुढे जाऊ शकतो, परंतु प्रत्येक पावलागणिक त्याची ऊर्जा खर्ची पडते आणि अखेर तो थांबतो. या मांडणीत विराम हा ऊर्जेच्या हिशोबाचा परिणाम ठरतो.

इटलीतील पादुआ येथील इतालो गालिंबेर्ती यांनी १९७२ मध्ये हा हिशोब संगणकावर मांडला. बाह्य क्षेत्राकडून मिळणारी ऊर्जा आणि आयनीभवनासाठी खर्च होणारी ऊर्जा यांचा तोल साधला तर स्ट्रीमर टिकतो, खर्च वरचढ ठरला तर तो क्षीण होतो. यातूनच ‘स्थैर्य क्षेत्र’ ही संकल्पना रूढ होत गेली. स्ट्रीमरला स्थिर गतीने पुढे नेण्यास आवश्यक असलेले किमान बाह्य क्षेत्र, असा तिचा अर्थ आहे.

१९७६ मध्ये सी. टी. फेल्प्स आणि आर. एफ. ग्रिफिथ्स यांनी धन स्ट्रीमरच्या प्रसारावर हवेचा दाब आणि बाष्प यांचा काय परिणाम होतो, हे प्रयोगाने तपासले. दाब कमी झाला की आवश्यक क्षेत्र कमी होते, आणि बाष्प वाढले की ते वाढते, असे त्यांना आढळले. बाष्पाच्या परिणामाचे कारण इलेक्ट्रॉनांच्या संलग्ननात आहे. हवेतील ऑक्सिजनचे रेणू मुक्त इलेक्ट्रॉनांना आपल्याशी जोडून घेतात आणि त्यांचे जड ऋण आयन बनतात. इलेक्ट्रॉन चपळ असतो, आयन मंद असतो. त्यामुळे तंतूची वाहकता घटते, मागून अग्राकडे येणारा पुरवठा आटतो आणि अग्राचे विभव खाली येते. पाण्याच्या रेणूंमुळे ही हानी अधिक वेगाने होते. बाष्पयुक्त हवा स्ट्रीमरला लवकर थांबविते, ती या अर्थाने.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. हवेत मिसळलेले बाष्प आणि निरोधकाच्या पृष्ठभागावर साचलेला ओलावा यांचे परिणाम परस्परविरोधी आहेत. किनारपट्टीवर खारट ओलाव्याचा थर चिनी मातीच्या निरोधकावर बसला की पृष्ठभागावरून गळती वाढते आणि निरोधन दुबळे होते. मोकळ्या हवेतील बाष्प मात्र स्ट्रीमरच्या मार्गात अडथळा निर्माण करते.

४. एक आकडा प्रमाण होतो

१९७० च्या दशकात फ्रान्समधील ले रनार्दिएर येथील प्रयोगशाळेत अनेक देशांच्या संशोधकांनी कित्येक मीटर लांबीच्या हवाई अंतरांवर एकत्रित प्रयोग केले. पुढे एन. एल. अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रीमरच्या प्रसारास लागणाऱ्या क्षेत्राची काटेकोर मोजमापे केली. नेहमीच्या हवेत धन स्ट्रीमरसाठी स्थैर्य क्षेत्र सेंटिमीटरला सुमारे ५ किलोव्होल्ट असते, हा आकडा सर्वमान्य झाला. ऋण स्ट्रीमरसाठी ते याच्या दुपटीहून अधिक धरले जाते. सर्वत्र सारख्या क्षेत्रात हवेचे भंजन होण्यास सेंटिमीटरला सुमारे ३० किलोव्होल्ट लागतात. याचा अर्थ असा की, स्ट्रीमर जन्मण्यासाठी जेवढे क्षेत्र लागते त्याच्या सहाव्या हिश्श्यात तो जगू शकतो.

हा आकडा व्यवहारात वापरण्यास सोपा आहे. टोकाचे विभव ५० किलोव्होल्ट असेल तर स्ट्रीमर अदमासे १० सेंटिमीटर जाईल, असा साधा भागाकार त्यावरून करता येतो. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या उच्च व्होल्टता चाचणीविषयक मानकातही हाच आकडा मीटरला ५०० किलोव्होल्ट या रूपात अंतर्भूत आहे. चाचणीच्या दिवशीची हवा प्रमाण हवेहून वेगळी असेल तर करावयाच्या दुरुस्त्याही त्यात दिल्या आहेत. प्रमाण हवा म्हणजे २० अंश सेल्सिअस तापमान, १०१.३ किलोपास्कल दाब आणि घनमीटरला ११ ग्रॅम बाष्प.

५. पुण्यातील प्रयोग : थेंबापासून विजेकडे

विरामाच्या प्रश्नाला आकाशातील विजेच्या अभ्यासात वेगळे महत्त्व प्राप्त झाले. गर्जनमेघांतील मोजलेली क्षेत्रे बहुधा सेंटिमीटरला १ ते २ किलोव्होल्टच्या आसपास असतात, क्वचित ४ पर्यंत जातात. हवेच्या भंजनास लागणाऱ्या क्षेत्रापेक्षा ती फारच कमी आहेत. मग ढगात विजेची सुरुवात होते तरी कशी? एक संभाव्य उत्तर असे की, पाण्याचे थेंब आणि बर्फाचे कण आपल्या टोकांशी क्षेत्र एकवटतात आणि तेथून स्ट्रीमर निघतात. १९३१ मध्ये डब्ल्यू. ए. मॅकी यांनी तीव्र क्षेत्रात थेंब लांबट होऊन फुटतात, हे दाखविले होते. मोठ्या थेंबांसाठी त्यास सेंटिमीटरला सुमारे ८ ते १० किलोव्होल्ट इतके क्षेत्र लागत असे.

या विषयावर महाराष्ट्रात झालेले काम पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे आहे. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेली आणि १ एप्रिल १९७१ पासून स्वायत्त झालेली ही संस्था मान्सूनच्या अभ्यासासाठी विख्यात आहे. तेथे ए. के. कामरा, ए. बी. साठे आणि डी. व्ही. अहिरे यांनी जलबिंदूंच्या अभ्यासासाठी उभा वातबोगदा उभारला आणि त्याचे वर्णन १९८६ मध्ये ‘मौसम’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. खालून वर वाहणाऱ्या हवेचा वेग थेंबाच्या पडण्याच्या वेगाइतका ठेवला की थेंब अधांतरी तरंगत राहतो. त्यास तारेने टांगावे लागत नाही. ढगातील थेंबाची अवस्था प्रयोगशाळेत निर्माण करण्याचा हा मार्ग होता.

१९९३ मध्ये कामरा, भालवणकर आणि साठे यांनी आडव्या विद्युत् क्षेत्रात पडणाऱ्या थेंबांचे विघटन आणि करोना विसर्जनाचा आरंभ यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. या प्रयोगांचे महत्त्व क्षेत्राच्या दिशेत आहे. पडणारा मोठा थेंब हवेच्या दाबाने आधीच चपटा, म्हणजे आडवा पसरलेला असतो. उभे क्षेत्र त्यास उभा ताणू पाहते, म्हणून हवेचा आणि क्षेत्राचा जोर परस्परांविरुद्ध पडतो. आडवे क्षेत्र मात्र हवेने केलेल्या विरूपणातच भर घालते. उभ्या क्षेत्रातील प्रयोगांवरून काढलेली मर्यादा ढगातील सर्व थेंबांना सरसकट लावता येत नाही, हा त्यातील बोध आहे. २००७ मध्ये भालवणकर आणि कामरा यांनी उभ्या आणि आडव्या क्षेत्रांतील विरूपणाची तुलना अधिक तपशिलाने केली.

विरामाच्या इतिहासाशी या कामाचा संबंध असा आहे. थेंबाच्या टोकापाशी निघालेला स्ट्रीमर थेंबापासून थोडा दूर जाताच ढगातील सर्वसाधारण क्षेत्रात शिरतो. तेथील क्षेत्र स्थैर्य क्षेत्राहून कमी असेल तर तो विझतो आणि वीज जन्मत नाही. पाच-सहा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या निम्म्यावर येतो आणि स्थैर्य क्षेत्रही त्यानुसार घटते. त्यामुळे ढगातील तीव्र क्षेत्रे या मर्यादेच्या जवळ पोहोचू शकतात. ग्रिफिथ्स आणि फेल्प्स यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात लागोपाठच्या स्ट्रीमरांनी क्षेत्र क्रमशः वाढविण्याची कल्पना याच आधारावर उभी आहे. पुण्यातील प्रयोगांनी साखळीची पहिली कडी तपासली आणि दुसरी कडी विरामाच्या प्रतिमानांनी पुरविली. या दोन्ही कड्या एकत्र वाचल्या तरच विजेच्या उगमाचा विचार पूर्ण होतो.

६. संगणकीय प्रतिमाने आणि ‘एका आकड्या’चा अस्त

१९८७ मध्ये एस. के. धाली आणि पी. एफ. विल्यम्स यांनी स्ट्रीमरचे द्विमितीय संगणकीय प्रतिमान प्रसिद्ध केले. अग्राचा आकार आणि गती आता गृहीत धरावी लागत नव्हती, ती समीकरणांतून निष्पन्न होऊ लागली. तरीही पुढील अभ्यासांचा भर दीर्घकाळ धावत्या स्ट्रीमरवरच राहिला. २००४ मध्ये एस. व्ही. पांचेश्नी आणि ए. यू. स्तारिकोव्स्की यांनी हवेतील धन स्ट्रीमरच्या विरामाची गतिकी स्वतंत्रपणे अभ्यासली. गती मंदावताना अग्र बारीक होत जाते आणि त्यामुळे अग्रावरील क्षेत्र घटण्याऐवजी वाढते, ही विरामातील विलक्षण बाब आहे. नेहमीच्या प्रतिमानात आयनीभवनाचा वेग केवळ त्या त्या बिंदूवरील क्षेत्रावर अवलंबून आहे, असे मानले जाते. अतिशय बारीक अग्रापाशी हे गृहीतक डळमळते. थांबणारा स्ट्रीमर गणिताने हाताळण्यास धावत्या स्ट्रीमरपेक्षा अवघड ठरतो, तो यामुळे. २०२१ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनीही विरामामागील यंत्रणेचा याच दिशेने शोध घेतला.

२०२२ मध्ये शिआओरान ली, यूट एबर्ट, यानिस टॉयनिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल. त्यांनी संगणकात लावलेली व्होल्टता स्ट्रीमरच्या गतीनुसार बदलत नेऊन स्थिर गतीने चालणारे स्ट्रीमर निर्माण केले. सेकंदाला सुमारे ३० हजार ते १ लाख २० हजार मीटर या गतींच्या दरम्यान अशी स्थिर वाटचाल आढळली. वेगवान स्ट्रीमर मंद स्ट्रीमरपेक्षा बऱ्याच कमी क्षेत्रातही टिकतात, असे त्यातून दिसून आले. म्हणजेच सर्व स्ट्रीमरांना लागू पडेल असे एकच स्थैर्य क्षेत्र अस्तित्वात नाही. ऑक्सिजनचे प्रमाण कमी केले की आवश्यक क्षेत्रही कमी होते, कारण संलग्नन घटते. स्थिर वाटचालीची ही अवस्थाही नाजूक आहे. क्षेत्रात किंचित बदल झाला तरी स्ट्रीमर वेग घेऊ लागतो किंवा मंदावतो. १९६५ मधील ऊर्जेच्या हिशोबाची जागा आता वाहकता किती काळ टिकते या हिशोबाने घेतली आहे.

७. कोकणातील हवेचा प्रश्न

या पार्श्वभूमीवर कोकणातील हवेचा विचार करणे उद्बोधक ठरते. तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असेल, तर हवेत घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत अशी हवा अपवादात्मक नाही. प्रमाण हवेतील ११ ग्रॅमच्या तुलनेत हे प्रमाण दुपटीहून अधिक आहे. उपरोक्त आंतरराष्ट्रीय मानकातील दुरुस्तीनुसार आवेग व्होल्टतेसाठी बाष्पाच्या दर ग्रॅममागे सुमारे १ टक्का फरक धरला जातो. हा नियम तसाच पुढे ताणला तर २३ ग्रॅमसाठी फरक सुमारे १२ टक्के येतो. म्हणजे १० सेंटिमीटर जाणारा स्ट्रीमर सुमारे ९ सेंटिमीटरवर थांबावा.

परंतु नियम असा ताणण्याची मुभा आहे काय, हाच खरा प्रश्न आहे. २०१० च्या आवृत्तीत १५ ग्रॅमपलीकडील बाष्पासाठीच्या दुरुस्त्या विचाराधीन असल्याची टीप आहे. कोकणातील वर्षाचा बराच काळ या मर्यादेबाहेर पडतो. ज्या हवेत येथील वाहिन्या उभ्या आहेत, ती हवा प्रमाण सूत्राच्या तपासलेल्या कक्षेत नाही. दमट हवा स्ट्रीमरला लवकर थांबविते हे समाधानकारक असले, तरी त्या भरवशावर अंतर कमी करणे योग्य होणार नाही. उन्हाळ्यात दमट असलेली हवा हिवाळ्यातील पूर्वेकडील वाऱ्यांत कोरडी होते, आणि रचना सर्वांत प्रतिकूल दिवसासाठी करावी लागते.

दुसरा मुद्दा मानवी जीविताचा आहे. भारतात वीज पडून मृत्युमुखी पडणाऱ्यांची संख्या बहुतेक वर्षी दोन हजारांहून अधिक असते. ढगातून वीज खाली येऊ लागली की झाडे, मनोरे आणि मोकळ्या जागी उभी असलेली माणसे यांच्यातूनही वर जाणारी विसर्जने निघतात. त्यांपैकी बहुधा एखादेच वरच्या विजेशी जुळते, बाकीची वाटेत विझतात. २००२ मध्ये डॉ. मेरी अ‍ॅन कूपर यांनी अशा न जुळलेल्या ऊर्ध्वगामी विसर्जनाचा विजेमुळे होणाऱ्या इजेची पाचवी यंत्रणा म्हणून निर्देश केला. विझलेले विसर्जनही ज्या देहातून निघाले त्यास घातक ठरू शकते. पुण्याच्या संस्थेने २०१४ च्या सुमारास महाराष्ट्रात २० संवेदकांचे वीज-नोंदणी जाळे उभारले आणि पुढे ‘दामिनी’ या उपयोजनाद्वारे पूर्वसूचना देण्यास प्रारंभ केला. हे जाळे पडलेल्या आणि चमकलेल्या विजांची नोंद घेते. माणसाच्या देहातून निघून काही अंतरावर विझलेल्या विसर्जनाची नोंद त्याकडून अपेक्षित नसते. म्हणून ‘वीज दूर पडली’ एवढ्यावरून मोकळ्या माळावरील माणूस सुरक्षित होता, असे म्हणता येत नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) विसर्जनाचा आरंभ आणि विराम हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर १९४१ पर्यंत बरेचसे आकाराला आले. दुसऱ्याची स्वतंत्र मांडणी १९६५ पासून सुरू झाली आणि ती अद्याप पूर्ण झालेली नाही.

(२) सेंटिमीटरला ५ किलोव्होल्ट हा आकडा व्यवहारास उपयुक्त असला तरी तो निसर्गाचा स्थिरांक नाही. स्ट्रीमरची गती, हवेचा दाब, ऑक्सिजन आणि बाष्प यांनुसार तो बदलतो.

(३) पुण्यातील जलबिंदूंच्या प्रयोगांकडे केवळ हवामानशास्त्राचा भाग म्हणून पाहणे अपुरे आहे. विसर्जनाच्या भौतिकीच्या इतिहासातही त्यांची नोंद व्हावयास हवी.

(४) कोकणातील हवा मान्य सूत्राच्या तपासलेल्या कक्षेबाहेर किती दिवस असते, हे शोधण्यासाठी उच्च व्होल्टतेची प्रयोगशाळा आवश्यक नाही. दवबिंदू सुमारे १८ अंशांच्या वर गेला की घनमीटरला १५ ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. वेधशाळेच्या कोरड्या आणि ओल्या तापमापींच्या दैनंदिन नोंदींवरून वर्षभराचा असा तक्ता पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांनाही तयार करता येईल. भौतिकशास्त्र आणि भूगोल या विभागांनी हे काम संयुक्तपणे हाती घेतल्यास जिल्ह्यातील वीजवहन आणि वीजसुरक्षा या दोन्हींच्या अभ्यासास स्थानिक आधार मिळेल.